मानेवरचे कर्ज

परमेश्वराने माणसाच्या मानेवर एकच वस्तू ठेवलेली आहे, ती म्हणजे डोके. त्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो भरते. (आमच्या शाखेतली काही डोकी पाहिली की हा आकडा जरा जास्त वाटतो, पण शास्त्राला भेदभाव करता येत नाही.) एवढे वजन ती बिचारी मान जन्मभर, ओव्हरटाइम न मागता सांभाळते. याउपर तिने आणखी काही उचलावे अशी योजना असती, तर परमेश्वराने ती हत्तीच्या पायासारखी घडवली असती. तशी ती घडवलेली नाही. वळून पाहता यावे, हो-नाही म्हणता यावे आणि साहेबापुढे खाली घालता यावी, एवढ्याचसाठी ती दिलेली आहे. आणि तरीसुद्धा माणूस कॅमेरा विकत घेतो आणि पहिले काम काय करतो? तो गळ्यात अडकवतो!

बैलाच्या मानेवर जू असते, हे मला मान्य आहे. पण एक तर बैलाला कोणी विचारलेले नसते आणि दुसरे म्हणजे त्या जुवावर कारखान्याचे नाव झळकत नसते. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कंपनीचे नाव अशा ठसठशीत अक्षरांत विणलेले असते, की शंभर फुटांवरून वाचता यावे. म्हणजे पैसे आपण द्यायचे, कॅमेरा आपण वाहायचा, मान आपली दुखवून घ्यायची आणि जाहिरात कंपनीची करायची. निवडणुकीत गळ्यात पाट्या घालून फिरणाऱ्या माणसाला निदान वडापाव तरी मिळतो.

मी बँकेतला साधा कारकून. शिक्षण बी. कॉम. छंद दोन: डोंगर चढणे आणि फोटो काढणे. या दोहोंपैकी एकाच छंदाचा माणूस सुखी असतो. डोंगर चढणाऱ्याला पाण्याची बाटली आणि दशम्या पुरतात. फोटो काढणाऱ्याला बाल्कनी पुरते. दोन्ही छंद एकाच देहात वस्तीला आले, की प्रश्न उभा राहतो तो ओझ्याचा. आणि ओझे कुणाच्या नावे टाकायचे, किती टाकायचे आणि ते त्याला झेपेल की नाही, हे ठरवण्यात माझी वीस वर्षे गेलेली आहेत. बँकेत आम्ही त्याला कर्ज म्हणतो, एवढाच फरक. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोचतो.

आधी ताळेबंद मांडू. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या डोंगरी मंडळाचेही सेक्रेटरी आहेत. (काही माणसे जन्मतःच सेक्रेटरी असतात.) त्यांची कॅमेऱ्याची बॅग एकदा मी आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर, एकेक वस्तू काढून तोलली. कॅमेरा ९०० ग्रॅम. मधली झूम ८००. लांबची झूम १,५००. वाइड लेन्स ६००. ट्रायपॉड १,८००. फ्लॅश ४००. बॅटऱ्या, चार्जर, फिल्टर वगैरे किरकोळ ५००. आणि ही सगळी संपत्ती जिच्यात ठेवायची ती बॅग रिकामी १,५००. एकूण बरोबर आठ किलो. आमच्या बँकेतसुद्धा एवढा चोख ताळमेळ पहिल्या फटक्यात बसत नाही. यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो आणि डबा, टॉर्च, रेनकोट मिळून एक किलो धरा. झाले बारा. आता डोंगर चढणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे, की एका दिवसाच्या चढाईला आपल्या वजनाच्या एक दशांश आणि मुक्कामाच्या चढाईला फार तर एक पंचमांश ओझे घ्यावे. सेक्रेटरी सत्तर किलोंचे. म्हणजे त्यांची मर्यादा सात, उचल बारा. बँकेच्या भाषेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात.

हा ओव्हरड्राफ्ट कसा फेडायचा याबद्दल आपल्याकडे तीन पंथ आहेत. तिन्ही पंथांशी माझे भांडण आहे, पण सगळ्यांशी सारखे नाही. म्हणून सौम्य भांडणापासून सुरुवात करतो.

पहिला पंथ म्हणतो, ‘हवाय कशाला कॅमेरा? मोबाईल आहे ना!’ या पंथात आमची ही आहे, दोन्ही मुले आहेत आणि वरच्या मजल्यावरचे आजोबाही आहेत. मोबाईल चांगले फोटो काढतो, हे मी नाकारत नाही. पण सुवेळा माचीवरून दिसणारा गरुड मोबाईलमध्ये काढला, की तो गरुड आहे हे प्रत्येकाला बोट दाखवून सांगावे लागते. आणि माणसे सौजन्य म्हणून ‘हो का? छान!’ म्हणतात आणि मनातल्या मनात लेन्सवरची धूळ समजतात. ज्याला गरुड हवा त्याला लांबची झूम लागणार, आणि झूम म्हणजे वजन. शिवाय छंदाला ‘हवाय कशाला’ हा प्रश्न लागू केला, तर पेटी, तबला, बागकाम आणि दिवाळी अंक हे सगळेच बंद करावे लागेल. असो. या पंथाचे म्हणणे चूक असले तरी त्यात कोणाचे वाईट होत नाही. मी त्यांना माफ करतो.

दुसरा पंथ आहे सोसण्याचा. ‘अहो, फोटोग्राफी म्हणजे तपश्चर्या! खांदा सोलवटल्याशिवाय चित्र मिळत नाही,’ असे हा पंथ म्हणतो. कॅमेऱ्याच्या क्लबात हाच पंथ बहुमतात आहे. चहाच्या वेळी ही मंडळी एकमेकांना मानेचे पट्टे आणि फिजिओथेरपिस्टांचे पत्ते देतात. यांना इतिहासाचा फार आधार वाटतो, म्हणून इतिहासच काढू या.

१९२७ सालच्या एप्रिलमध्ये अँसल ॲडम्स हा पंचवीस वर्षांचा तरुण अमेरिकेतल्या योसेमिटीच्या डोंगरात पाठीवर सुमारे चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो सामान घेऊन चढला. मोठा लाकडी कॅमेरा, लेन्स, फिल्टर, ट्रायपॉड आणि काचेच्या फक्त बारा प्लेटा. हाफ डोम नावाच्या कड्यासमोर पोचला तेव्हा त्याच्याकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला, आभाळ जवळजवळ काळे आले आणि ते चित्र जगप्रसिद्ध झाले. सोसणारा पंथ ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण नीट ऐका. ते चित्र मोठे झाले ते लाल फिल्टर लावण्याच्या बुद्धीमुळे. अठरा किलोंमुळे नव्हे. अठरा किलो उचलून मोठे होता आले असते, तर आमच्या घरी गॅसचे सिलिंडर आणणारा माणूस आज कुठल्या कुठे पोचला असता. आणि मुख्य म्हणजे ॲडम्सने ते सामान पाठीवर नेले होते. गळ्यात लटकवून नव्हे!

याच्या उलट गोष्ट हा पंथ कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक यंत्रकारागीर होता. त्याला फोटोचा नाद आणि दम्याचा विकार. रानावनात जड प्लेट कॅमेरा घेऊन फिरणे त्याच्या छातीला झेपेना. पंथातला असता तर ‘सोसतो’ म्हणाला असता आणि खोकत खोकत संपला असता. पण तो शहाणा निघाला. सिनेमाची बारीक फिल्म वापरून त्याने खिशात मावेल असा कॅमेरा १९१४ च्या सुमारास घडवला, आणि १९२५ साली तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जगाने आपली लढाई, लग्ने आणि मुंजी ज्या आकाराच्या फिल्मवर टिपल्या, तो आकार एका दमेकऱ्याच्या आरामाच्या इच्छेतून रूढ झाला. तात्पर्य, आराम हा कलेचा शत्रू नाही. थकलेला हात थरथरतो आणि चित्र हलते. थकलेला माणूस ट्रायपॉड उघडायचा कंटाळा करतो. आणि फारच थकलेला माणूस जिथे बसला तिथूनच जे दिसेल त्याचा फोटो काढतो. आमच्या मंडळाच्या संग्रहात ट्रेकिंगच्या बुटांचे जे असंख्य कलात्मक फोटो आहेत, त्यांचे रहस्य हेच.

या पंथाशी माझे भांडण जरा कडक आहे, कारण यात जिवाशी खेळ आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. वर जाताना लोखंडी शिड्या लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहरला कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या आहेत. अशा ठिकाणी दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन टेकू कायम टेकलेले असावेत, हा पहिला धडा. आता गळ्यात कॅमेरा घातलेला माणूस पाहा. तो वाकला, की कॅमेरा घड्याळाच्या लंबकासारखा पुढे जातो आणि शिडीच्या गजावर ठण्णदिशी आपटतो. त्यासरशी माणूस काय करतो? शिडी सोडतो आणि कॅमेरा धरतो! कॅमेऱ्याचे अजून अकरा हप्ते बाकी असतात ना! जिवाचे हप्ते नसतात, त्यामुळे त्याची आठवण राहत नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे काय गर्दी असते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सांगायला नको, की असा एक माणूस घसरला तर तो एकटा घसरत नाही. खाली ओळीने लोक उभे असतात.

आता तिसरा पंथ. माझे खरे भांडण याच्याशी आहे.

हा पंथ म्हणतो, ‘ओझे मोठे आहे ना? मग द्या दुसऱ्याला!’ बँकेत कर्ज एकाने काढायचे आणि जामीनदाराने फेडायचे, हा प्रकार मी रोज पाहतो. डोंगरावरचा जामीनदार कधी बायको असते, कधी भाचा असतो, आणि बहुतेक वेळा पायथ्याच्या गावातला पोरगा असतो.

राजगडला गुंजवण्याच्या बाजूने चढताना आमच्या सेक्रेटरींनी आपली ती आठ किलोंची एकखांदी बॅग गावातल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दिली. पायात त्याच्या साध्या चपला. त्याने दोनशे रुपये सांगितले, सेक्रेटरींनी दीडशेवर आणले. दीड लाखाच्या लेन्सा दीडशे रुपयांत गडावर जाणार, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. अर्ध्या तासाने पोरगा थांबला आणि म्हणाला,

“काका, ह्यात दगुड हायती का?”

“दगड नाहीत रे, लेन्स आहेत.”

“न्हाई, दगुड असतील तर हितंच ठिवू. वर बी लई हायती.”

नंतर त्याने काय केले, तर डोक्याच्या टॉवेलची चुंबळ केली, बॅग उचलून सरळ डोक्यावर ठेवली आणि एका हाताने सावरत ताडताड चालू लागला. सेक्रेटरी खालून ओरडले, “अरे, डोक्यावर नको! आत काच आहे!” पोरगा न थांबता म्हणाला, “आमची आय रोज हंडा आणती काका, त्यात पानी आसतं. एक थेंब सांडत न्हाई.”

हे वाक्य मला कुठल्याही शास्त्रीय ग्रंथाइतकेच वजनदार वाटते. आणि शास्त्रही त्याच्याच बाजूने आहे. आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या बायका डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्यावर ओझी नेतात. त्यांच्यावर झालेला एक अभ्यास १९८६ साली ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकात आला. आपल्या वजनाच्या एक पंचमांश ओझ्यापर्यंत त्यांना चालण्यासाठी जादा शक्ती लागत नाही, असे त्यात आढळले. नेपाळी माणूस डोको कपाळाच्या नामलोवर तोलतो, तेही डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या चालून शिकलेले शहाणपण. जगात जे जे लोक खरोखर ओझी वाहतात, त्यांना ओझे कुठे ठेवावे हे कळते. एका खांद्यावर तिरके किंवा गळ्यात लोंबते ओझे घेऊन डोंगर चढणारा प्राणी एकच: हौशी फोटोग्राफर.

पण म्हणून ‘त्यांना सवय असते हो’ असे म्हणणाऱ्यांची मला चीड येते. सवय कशी लागते? दुसऱ्याने ओझे दिल्यावर! एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर हिमालयात फिरला. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून फोटो लगेच तंबूत धुवावा लागे, म्हणून काचा, रसायने, अंधाऱ्या खोलीचा तंबू, सगळे बरोबर. १८६३ च्या सफरीत त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते; १८६६ मध्ये सुमारे ऐंशी. मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर त्याने फोटो घेतले. विक्रमच होता तो. त्या चित्रांखाली आजही बोर्नचे नाव आहे. त्या ऐंशी जणांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही. बोर्न साहेब होता आणि राज्य त्याचे होते. आमचे सेक्रेटरी त्याच पद्धतीने राजगड चढतात, ते कशाच्या जोरावर?

हमाल घेऊ नयेच, असे मी म्हणत नाही. गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून, ओझ्याला म्हणून जरूर घ्यावे. गडाखालच्या गावात पैसा गेला तर चांगलेच आहे. पण त्याला ओझे किती ते आधी सांगावे, त्याने सांगितलेले दाम घासाघीस न करता द्यावे आणि पोराऐवजी मोठ्या माणसाला घ्यावे. पेरू देशाने इंका लोकांच्या जुन्या पायवाटेवरच्या हमालांसाठी २००१ साली कायदा केला आणि एका माणसाच्या ओझ्याला वीस किलोंची मर्यादा घातली. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. तोवर लाज तरी असावी. २०२५ च्या जुलैमध्ये राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड असे आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. म्हणजे आता कॅमेरे आणखी येणार, बॅगा आणखी जड होणार आणि पायथ्याशी चपला घातलेली पोरे तीच असणार. म्हणून हे भांडण आजच केलेले बरे.

‘मग तुमचा पंथ कोणता?’ असे वाचक विचारतील. माझा चौथा पंथ. त्याची घोषणा एका शब्दाची आहे: कंबर!

अमेरिकेत डिक केल्टी नावाचा एक सुतार होता. १९५२ साली त्याने पाठीवरच्या सॅका बनवण्याचा धंदा सुरू केला. ॲल्युमिनियमची चौकट आणि कमरेला जाड पट्टा. खांद्यावरचे ओझे कमरेच्या हाडावर उतरवायचे, ही त्यातली सगळी अक्कल. खांदे हे मुळात हात टांगण्यासाठी आहेत. ओझे पेलण्यासाठी परातीसारखे रुंद हाड दिले आहे ते कमरेला. आपल्या आज्या मुलाला कडेवर घेत, पाठीवर नव्हे आणि गळ्यात तर नव्हेच. त्यांना केल्टी माहीत नव्हता. कंबर माहीत होती.

हे ज्ञान घेऊन मी कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. (दुकानाचे नाव सांगत नाही, सगळी सारखीच.) विक्रेत्याने एक बॅग काढली. आत सतरा कप्पे.

“पाणी कुठे ठेवायचं?” मी विचारले.

“साहेब, ही कॅमेऱ्याची बॅग आहे.”

“कॅमेऱ्याला तहान लागत नाही हे खरं, पण मला लागते. बरं, डबा?”

“या कप्प्यात फ्लॅशऐवजी बसेल. भाजी सुकी असली तर.”

“आणि कमरेचा पट्टा?”

त्याने अभिमानाने एक फीत दाखवली. परकराच्या नाडीपेक्षा थोडी रुंद.

“याने वजन पेलेल?”

“वजनासाठी नाही साहेब. बॅग हलू नये म्हणून.”

म्हणजे ओझे खांद्यांवरच राहणार, फक्त न हलता! मी नमस्कार केला आणि ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात जाऊन एक साधी सॅक घेतली. घेताना स्वतःची उंची सांगायची नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. मान पुढे वाकवली की मागे जो टणक उंचवटा हाताला लागतो, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतची पाठ मोजायची आणि त्या मापाची सॅक घ्यायची. आत कॅमेऱ्यासाठी कप्पे असलेला मऊ डबा मिळतो, तो बसवायचा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीला. हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. ट्रायपॉड एका कुशीला बांधला तर माणूस दिवसभर मतदानाच्या रांगेतल्यासारखा एका पायावर भार देऊन चालतो, म्हणून तो मधोमध बांधायचा. सॅक चढवताना आधी कमरेचा पट्टा. तोही पोटावर नाही, तर परकराची नाडी जिथे बसते त्या हाडावर. तो आवळला की मग खांद्याचे पट्टे, आणि ते बेतानेच. नीट जमले की खांद्याखाली सहज बोट जाते. ज्या दिवशी जाते त्या दिवशी समजावे, की कर्जाची फेररचना झाली.

राहिला प्रश्न खुद्द कॅमेऱ्याचा. तो सॅकमध्ये ठेवला तर त्याची अवस्था लॉकरमधल्या दागिन्यांसारखी होते. असतात, पण लग्नात अंगावर कधी नसतात. गरुड काही सॅकच्या चेनी उघडेपर्यंत थांबत नाही. त्यासाठी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसवायची एक धातूची क्लिप मिळते. कॅमेरा त्यावर छातीशी घट्ट बसतो, लोंबत नाही, आपटत नाही. त्याचेही वजन पट्ट्यातून सॅकच्या चौकटीवर आणि तिथून पुष्कळसे कमरेवर जाते. दोन्ही हात शिडीला मोकळे. पाऊस आला की प्लॅस्टिकची पिशवी. भाजीची चालते.

मग वजन कमी करायचे नाही का? करायचे, पण हिशेब करून. आजचे कॅमेरे फार प्रामाणिक असतात. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कोणत्या लेन्सने, कधी काढला ते लिहून ठेवतात. म्हणून वर्षाअखेरीला मी सेक्रेटरींच्या संगणकावर बसून रीतसर ऑडिट केले. वर्षभरातले फोटो २,३००. लांबच्या झूमचे ६१, पैकी ४४ समोरच्या इमारतीतल्या कबुतरांचे. वाइडचे ९, पैकी ३ चुकून बटण दाबले गेल्याचे. फ्लॅशचा १: भाचीच्या वाढदिवसाचा. “म्हणजे साहेब,” मी म्हणालो, “सहाशे ग्रॅमची वाइड आणि चारशेचा फ्लॅश, हे एक किलो बुडीत खाते आहे. तुम्ही ते दर रविवारी गडावर नेऊन परत आणता.” यावर सेक्रेटरी म्हणाले, “पण वेळेला लागलं तर?” हे वाक्य मध्यमवर्गाच्या सगळ्या ओझ्यांचे मूळ आहे. याच वाक्यापायी आमच्या माळ्यावर तीन तुटक्या खुर्च्या आहेत. त्या निदान कोणी गडावर नेत नाही.

प्रवासाचेही तेच. बहुतेक देशी विमान कंपन्या हातातल्या सामानाला सात किलोंची मर्यादा घालतात, आणि सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या तर हातातच न्याव्या लागतात, मोठ्या बॅगेत चालत नाहीत. तेव्हा काउंटरवर एक मजेदार दृश्य दिसते. एरवी कॅमेरा बॅगेत ठेवणारी मंडळीही तो एकदम गळ्यात घालतात आणि दोन लेन्सा जॅकेटच्या खिशात कोंबतात. कारण काउंटरवरची मुलगी बॅग तोलते, मान तोलत नाही. एवढ्या एका कामासाठी गळ्यातला पट्टा जगात राहू द्यायला माझी हरकत नाही.

एरवी माझी मागणी स्पष्ट आहे. कंपन्यांनी गळ्यातला पट्टा देताना त्यावर आपल्या नावाऐवजी ‘चढावर वापरू नये’ असे विणावे. अक्षरे तेवढीच मोठी ठेवावीत. दुकानदारांनी कमरेच्या फितीला पट्टा म्हणणे बंद करावे. क्लबांनी बक्षीस देताना खांदा सोलवटल्याची कहाणी विचारात घेऊ नये, चित्राकडे पाहावे. आणि हौशी मंडळींनी बँकेतला सर्वांत जुना नियम लक्षात ठेवावा: कर्ज ज्याने घेतले, फेडायचे त्याने. जामीनदार लागलाच तर त्याला आधी विचारावे, रक्कम सांगावी आणि त्याने सांगितलेल्या दोनशेतले पन्नास कापू नयेत.

सेक्रेटरींना हे सगळे मी मंडळाच्या वार्षिक सभेत ऐकवले. त्यांनी ते इतिवृत्तात ‘ओझ्याबाबत चर्चा झाली’ एवढ्या तीन शब्दांत नोंदवले. वजन कमी करण्याची कला त्यांना अवगत आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. आता ती त्यांनी फक्त बॅगेला लावायची राहिली आहे.